सस्पेंड आणि रिझ्यूम नसताना वर्कर थ्रेड थांबवायचे आणि पुन्हा चालू करायचे कसे?

शाईपेन – प्रश्न

नमस्कार. एका ग्रंथालयाच्या जुन्या मराठी मासिकांची स्कॅन केलेली पाने वाचून त्यांतील मजकूर मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठवणारा एक डेस्कटॉप प्रोग्राम देखभालीसाठी माझ्याकडे आला आहे. तो जावामध्ये लिहिलेला आहे. एका अंकाची सगळी पाने आधी रांगेत भरली जातात, मग चार वर्कर थ्रेड (प्रोग्राममध्ये एकाच वेळी समांतर चालणारे कामाचे धागे) त्या सामायिक रांगेतून एकेक पान उचलतात, टेसरॅक्ट या चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या लायब्ररीकडून ते वाचून घेतात, मजकुराची फाइल एका फोल्डरमध्ये ठेवतात आणि त्याची नोंद डेटाबेसमध्ये करतात. दिवसा त्याच संगणकावर पुस्तकांच्या देवघेवीच्या नोंदी कराव्या लागत असल्यामुळे कर्मचारी सकाळी 'थांबवा' हे बटण दाबतात आणि संध्याकाळी 'पुढे चालू करा' दाबून घरी जातात.

हा प्रोग्राम जावा ८ वर चालत होता. त्यात थांबवण्यासाठी प्रत्येक थ्रेडवर सस्पेंड आणि पुढे नेण्यासाठी रिझ्यूम ही मेथड वापरलेली आहे. आता जावा २१ वर नेल्यानंतर 'थांबवा' दाबताक्षणीच अनसपोर्टेड-ऑपरेशन हे एक्सेप्शन येते. तात्पुरता उपाय म्हणून मी एक व्होलाटाइल बूलियन (बदल सगळ्या थ्रेडना दिसेल असा खरे-खोटे सांगणारा फ्लॅग) ठेवला आहे. प्रत्येक वर्कर पुढचे पान घेण्यापूर्वी तो तपासतो आणि तो खरा असेल, तर २०० मिलिसेकंद झोपून पुन्हा तपासतो. हे चालते, परंतु बटण दाबल्यावर काम खरोखर केव्हा थांबले हे कळत नाही. कर्मचारी बटण दाबून लगेच त्या फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घेतात आणि त्यात एखादी फाइल अर्धवट लिहिलेली सापडते.

माझे दोन प्रश्न आहेत. जावा ८ वरही क्वचित कधी 'पुढे चालू करा' दाबल्यावर सगळी खिडकीच गोठून जात असे; त्याचा सस्पेंडशी संबंध असेल का? आणि आता हे नव्याने लिहायचे, तर योग्य रचना कोणती?

कृष्णाकाठ – प्रतिसाद

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, आणि या मेथड काढून टाकण्याचे कारणही तेच आहे. सस्पेंड आणि रिझ्यूम या दोन्ही मेथड १९९८ साली आलेल्या जावा १.२ पासूनच वापरू नयेत अशा यादीत आहेत. जावा २० पासून त्या बोलावल्या की एक्सेप्शन येऊ लागले आणि जावा २३ मध्ये त्या भाषेतून पूर्णपणे वगळल्या गेल्या. इतकी वर्षे त्या चालू राहिल्या त्या केवळ जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून. त्यांच्यातील दोष दुरुस्त करता येण्यासारखा कधीच नव्हता.

दोष असा की, सस्पेंड करणाऱ्या थ्रेडला समोरचा थ्रेड त्या क्षणी काय करत आहे याची कल्पना नसते, आणि थांबलेला थ्रेड हातातले एकही लॉक (सामायिक वस्तू एका वेळी एकानेच वापरावी म्हणून घेतलेला ताबा) सोडत नाही. सामायिक विहिरीचा दोर हातात घट्ट धरून एखाद्याने तिथेच झोपी जावे, तसे हे होते. आपल्या प्रोग्राममध्ये काय घडत असावे ते पाहा. वर्कर थ्रेड 'पान २१२ पूर्ण' अशी ओळ लॉगमध्ये लिहीत आहे. ती ओळ दुसऱ्या थ्रेडच्या ओळीत मिसळू नये म्हणून लॉग लिहिणाऱ्या वस्तूचे लॉक त्याने घेतलेले आहे, आणि नेमका त्याच क्षणी तो सस्पेंड होतो. संध्याकाळी कोणीतरी 'पुढे चालू करा' दाबते. त्या बटणाच्या मेथडमधील पहिलीच ओळ 'काम पुन्हा सुरू करत आहे' असे लॉगमध्ये लिहिणारी असेल आणि रिझ्यूम त्यानंतर असेल, तर बटणाचा थ्रेड लॉगच्या लॉकसाठी थांबतो, लॉक ज्याच्याकडे आहे तो वर्कर रिझ्यूमची वाट पाहत असतो, आणि ते रिझ्यूम बोलावणारा थ्रेड लॉकपाशी अडकलेला असतो. स्विंग या जावाच्या खिडक्या बनवणाऱ्या लायब्ररीत खिडकी रंगवण्याचे काम त्याच थ्रेडकडे असल्यामुळे खिडकी गोठते. आपल्याकडे जुना कोड आहेच, तर त्या मेथडमध्ये रिझ्यूमच्या आधी काय लिहिले आहे ते जरूर पाहा.

हे क्वचितच का घडते, तर लॉग लिहिण्याचा काळ पान वाचण्याच्या काळाच्या मानाने फार थोडा असतो, म्हणून. मात्र धोका लॉगपुरता मर्यादित नाही. एखादा क्लास पहिल्यांदा वापरात येताना त्याच्या इनिशियलायझेशनचे लॉक असते, हॅशटेबलसारख्या सिंक्रोनाइझ्ड संग्रहांचे लॉक असते, आणि यांपैकी कोणते लॉक कोणत्या क्षणी कोणाच्या हातात आहे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला बाहेरून सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. टेसरॅक्ट सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले आहे, म्हणजे पान वाचले जात असताना आपला वर्कर नेटिव्ह कोडमध्ये, म्हणजे जावाबाहेरच्या कोडमध्ये, असतो. हॉटस्पॉट या जेव्हीएममध्ये (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेत) सस्पेंड झालेला थ्रेड नेटिव्ह कोडमध्ये असेल, तर तिथले काम चालूच राहते आणि जावा कोडमध्ये परत येताना तो अडवला जातो. त्यामुळे पूर्वी काम 'ताबडतोब' थांबत होते, असे जे वाटे, ते पान वाचण्याच्या बाबतीत तेव्हाही खरे नव्हते. नव्या रचनेत चालू पान पूर्ण होऊ द्यावे लागते म्हणून आपण काही गमावत आहोत, असे समजण्याचे कारण नाही.

तळटीप – प्रतिसाद

वर दिलेल्या स्पष्टीकरणाशी मी पूर्ण सहमत आहे. आता रचनेविषयी लिहितो.

थ्रेडला बाहेरून थांबवायचे नाही. त्याला थांबण्याची विनंती करायची आणि थांबायचे कुठे हे त्यानेच ठरवायचे, हा यातला पाया आहे. जेव्हीएम स्वतःही याच मार्गाने जाते. गार्बेज कलेक्शनसाठी (वापरात नसलेली मेमरी मोकळी करण्यासाठी) हॉटस्पॉटला जेव्हा सगळे जावा थ्रेड थांबवायचे असतात, तेव्हा ते विनंतीची खूण करून ठेवते आणि चालू कोड ठरावीक सुरक्षित जागी ती खूण तपासून स्वतः थांबतो. आपला व्होलाटाइल बूलियनसुद्धा याच जातीचा आहे, त्यामुळे आपण योग्य दिशेने निघालेला आहात. व्होलाटाइल लिहिले नसते, तर कंपायलरला तो फ्लॅग लूपच्या बाहेर एकदाच वाचून ठेवण्याची मोकळीक राहिली असती आणि वर्करला बदल कधीच न दिसण्याचा धोका असता. ती काळजी आपण घेतली आहे. दर २०० मिलिसेकंदांनी चार थ्रेड जागे होतात याचा संगणकावर पडणारा भारही नगण्य आहे. उणीव आहे ती वेगळीच: या रचनेत विनंती वर्करपर्यंत जाते, पण 'मी थांबलो' असे उत्तर परत येत नाही. पेन ड्राइव्हवरील अर्धवट फाइल हा त्याचाच परिणाम आहे.

त्यासाठी बूलियनच्या जागी एक छोटा क्लास करावा. त्यात एक रीएन्ट्रंट-लॉक, त्याच लॉकवरच्या 'पुढे जा' आणि 'सारे थांबले' अशा दोन कंडिशन (थ्रेडने वाट पाहण्याच्या जागा; अवेट म्हणजे लॉक सोडून तिथे झोपणे, सिग्नल-ऑल म्हणजे तिथल्या सगळ्यांना जागे करणे), 'विराम हवा' आणि 'रद्द' हे दोन बूलियन आणि 'कामात' हा एक पूर्णांक असावा. त्याच्या दोन मुख्य मेथड ढोबळमानाने अशा होतील:

काम_सुरू:
– लॉक घ्या.
– जोवर 'विराम हवा' खरा आहे आणि 'रद्द' खोटा आहे, तोवर 'पुढे जा' या कंडिशनवर अवेट करा.
– 'रद्द' खरा असेल, तर लॉक सोडून 'नाही' हे उत्तर द्या.
– 'कामात' एकने वाढवा, लॉक सोडा, 'होय' हे उत्तर द्या.

काम_संपले:
– लॉक घ्या.
– 'कामात' एकने कमी करा. तो शून्य झाला, तर 'सारे थांबले' या कंडिशनवर सिग्नल-ऑल करा.
– लॉक सोडा.

विराम तपासणे आणि 'कामात' वाढवणे ही दोन्ही कामे एकाच लॉकखाली होतात, हे यातले मर्म आहे. ती वेगवेगळी केली, तर वर्करने 'विराम नाही' असे पाहिले, तेवढ्यात बटण दाबले गेले, 'कामात' शून्य दिसला म्हणून काम थांबल्याचे जाहीर झाले आणि नंतर तो वर्कर पान वाचायला लागला, असे घडू शकते. लॉकखाली ही फट उरत नाही. काम_संपले ही मेथड नेहमी फायनली ब्लॉकमधून (एक्सेप्शन आले तरी चालणाऱ्या भागातून) बोलवावी, अन्यथा एखाद्या खराब स्कॅनवर एक्सेप्शन आले की 'कामात' हा आकडा कायमचा एकने जास्त राहील आणि विराम कधीच पूर्ण होणार नाही.

अवेटच्या भोवती 'जर' न लिहिता 'जोवर' लिहिणे अनिवार्य आहे. टोनी होअर यांनी १९७४ साली मांडलेल्या मॉनिटर या लॉक आणि कंडिशनच्या रचनेत सिग्नल मिळालेला प्रोसेस तत्काळ चालू होत असे, त्यामुळे ज्या अटीसाठी तो थांबला ती खरी असल्याची खात्री त्याला असे. लॅम्पसन आणि रेडेल यांनी १९८० साली मेसा भाषेतील अनुभव मांडताना वेगळा अर्थ घेतला: जागे करणे ही केवळ सूचना आहे, जागा झालेला आपल्या सवडीने लॉक मिळवील आणि तोवर अट पुन्हा बदललेली असू शकेल. जावा आणि पॉझिक्स (युनिक्ससारख्या प्रणालींचे मानक) या दोघांनी हा दुसरा अर्थ स्वीकारला. शिवाय कोणीही सिग्नल न देता थ्रेड जागा होण्याची मुभासुद्धा या दोन्हींच्या नियमांत आहे. म्हणून जागे झाल्यावर अट पुन्हा तपासायचीच.

'पुढे चालू करा' या बटणाने लॉक घेऊन 'विराम हवा' खोटा करावा आणि सिग्नल-ऑल करावे. साधा सिग्नल केला, तर चारांपैकी एकच वर्कर उठेल आणि बाकीचे तीन तसेच पडून राहतील. काम चालू दिसत असल्यामुळे हे बरेच दिवस कोणाच्या लक्षातही येणार नाही. विरामात असतानाच कोणी खिडकी बंद केली, तर 'रद्द' खरा करून त्याही वेळी सिग्नल-ऑल करावे. नाही तर झोपलेले वर्कर प्रोग्रामला बंदच होऊ देणार नाहीत.

शाईपेन

दोघांचेही मनापासून आभार. जुना कोड तपासला. बटणाच्या मेथडमध्ये रिझ्यूमच्या आधी लॉगची ओळ खरोखरच आहे.

रचना समजली, पण एका ठिकाणी अडलो आहे. वर्करने आधी रांगेतून पान घ्यावे आणि मग काम_सुरू बोलवावे, की आधी काम_सुरू आणि मग पान? आणि हे सगळे स्वतः लिहिण्याऐवजी थ्रेड-पूल-एक्झिक्युटर (थ्रेडचा संच सांभाळणारा जावाचा तयार क्लास) वापरून त्याच्या बिफोर-एक्झिक्यूट या, प्रत्येक काम सुरू होण्याआधी बोलावल्या जाणाऱ्या, मेथडमध्ये थांबवण्याचे उदाहरण जावाच्या दस्तऐवजातच दिलेले दिसले. ते पुरेसे नाही का?

उंबरठा – प्रतिसाद

क्रमाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आधी पान घेतले, तर विरामाच्या काळात चार पाने चार झोपलेल्या वर्करांच्या हातात राहतील. ती रांगेतही नसतील आणि पूर्णही झालेली नसतील. त्या स्थितीत प्रोग्राम बंद केला आणि रांगेत उरलेली पाने उद्यासाठी साठवली, तर ही चार त्यात येणार नाहीत. आधी काम_सुरू बोलावून मग रांगेच्या टेक या, पान मिळेपर्यंत थांबून राहणाऱ्या, मेथडने पान मागितले, तर रांग रिकामी झाल्यावर वर्कर टेकमध्ये अडकतील, 'कामात' चारवरच राहील आणि विराम पूर्ण होणार नाही. आपल्या रांगेत सगळी पाने आधीच भरलेली असतात, हे इथे सोयीचे आहे. आधी काम_सुरू बोलवा आणि मग न थांबता उत्तर देणाऱ्या पोल या मेथडने पान घ्या. नल आले, म्हणजे पान उरलेले नसले, तर काम_संपले बोलावून वर्कर संपवा. रांगेत पाने मागाहून येत असती, तर मात्र आधी टेक, मग काम_सुरू, आणि उत्तर 'नाही' आले तर पान रांगेत परत, असाच क्रम मी ठेवला असता.

एक्झिक्युटरचे ते उदाहरण चांगले आहे, पण ते आपली गरज भागवत नाही. बिफोर-एक्झिक्यूट बोलावले जाते तोवर टास्क रांगेतून बाहेर आलेले असते, म्हणजे वर सांगितलेली हातातल्या पानांची अडचण तिथे आहेच. शटडाउन-नाऊ जी उरलेल्या टास्कची यादी देते, त्यात ती येत नाहीत. दुसरे म्हणजे, बिफोर-एक्झिक्यूटमध्ये थांबलेला वर्कर गेट-अ‍ॅक्टिव्ह-काउंटच्या (कामात असलेले थ्रेड मोजणाऱ्या मेथडच्या) लेखी कामातच असतो, त्यामुळे सगळे थांबले की नाही हे त्या आकड्यावरून ओळखता येत नाही. आपल्याला तर नेमके तेच हवे आहे.

याच विषयातील एक शेजारचा मार्गही नोंदवून ठेवतो. चालू पान मध्येच थांबवणे कधी अपरिहार्य झाले, तर टेसरॅक्टला वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवावे. लिनक्सवर त्या प्रोसेसला सिगस्टॉप पाठवला की ती जिथे असेल तिथे थांबते, सिगकॉन्टने पुढे चालू होते, आणि सिगस्टॉप अडवण्याची किंवा दुर्लक्षित करण्याची सोय कोणत्याही प्रोसेसला नसते. हेही बाहेरून थांबवणेच झाले, मग ते चालते कसे? चालते, कारण त्या प्रोसेसच्या मेमरीतील लॉक तिच्यापुरती असतात. ती थांबली तरी आपल्या खिडकीला त्यांची गरज पडत नाही. फाइलवरचे किंवा डेटाबेसमधले लॉक मात्र तसेच धरलेले राहते, म्हणून त्या प्रोसेसने फक्त चित्र वाचून मजकूर द्यावा आणि नोंदीचे काम मूळ प्रोग्रामने करावे. एकाच प्रोसेसमधील थ्रेडसाठी अशी सोय पॉझिक्समध्ये ठेवलेलीच नाही. विंडोजमध्ये सस्पेंड-थ्रेड आहे, पण ते मुख्यतः डिबगरसाठी असून थ्रेडच्या समन्वयासाठी वापरू नये, असे मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे. तिथे थांबलेल्या थ्रेडच्या हातात मेमरी वाटपाचे लॉक असले, तर प्रोसेसमधील दुसरा कोणताही थ्रेड साधी मेमरी मागतानासुद्धा अडकतो.

तळटीप

वरील प्रतिसादात डेटाबेसचा उल्लेख आला आहे. माझ्या मते आपल्या प्रोग्राममध्ये सर्वांत जास्त लक्ष तिथेच द्यावे लागेल. वर्कर थांबण्याची जागा अशी निवडावी की तिथे त्याच्या हातात काहीही नसेल: लॉक नको, उघडी फाइल नको, अपूर्ण ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण व्हायच्या नोंदींचा गट) नको आणि डेटाबेसचे कनेक्शनही नको. ट्रान्झॅक्शनच्या मध्ये विराम घेतला, तर इनोडीबीमधील (मायएसक्यूएलच्या साठवण यंत्रणेतील) त्या ओळींवरची लॉक धरलेली राहतात आणि त्याच ओळी बदलू पाहणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामला, मूळ सेटिंग बदललेले नसल्यास, ५० सेकंदांनी लॉक-वेट-टाइमआउटची चूक मिळते. दिवसा देवघेवीच्या नोंदी त्याच सर्व्हरवर होत असतील, तर हे टाळलेच पाहिजे.

कनेक्शनविषयी तर आपल्याकडची वेळच अडचणीची आहे. मायएसक्यूएलमध्ये निष्क्रिय कनेक्शन तोडण्याची मर्यादा मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास असते. सकाळी नऊला थांबवून संध्याकाळी सहाला चालू केले की नऊ तास होतात आणि प्रत्येक वर्करची पहिलीच नोंद तुटलेल्या कनेक्शनवर जाते. ती मर्यादा वाढवण्यापेक्षा कनेक्शन प्रत्येक पानापुरते पूलमधून (तयार कनेक्शनच्या सामायिक साठ्यातून) घेऊन काम_संपलेच्या आधी परत करावे, आणि देण्यापूर्वी ते जिवंत आहे का, हे पूलला तपासायला लावावे.

अर्धवट फाइलसाठी विरामावर विसंबून राहू नये. मजकूर आधी तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये लिहावा आणि पूर्ण झाल्यावर त्याच फोल्डरमध्ये तिचे नाव बदलावे. नाव बदलण्यापूर्वी मजकूर डिस्कवर पक्का उतरवून घेतला, तर वीज गेली, तरीही अर्धवट फाइल खऱ्या नावाने दिसणार नाही.

शाईपेन

फार उपयोगी माहिती मिळाली. आता शेवटचे विचारतो. 'सारे थांबले' या कंडिशनवर बटणाच्या मेथडनेच अवेट केले, तर चालेल का?

कृष्णाकाठ

नाही. चालू पाने पूर्ण होईपर्यंत खिडकी गोठेल आणि जुन्याच तक्रारी परत येतील. बटणाने फक्त 'विराम हवा' खरा करावा, स्वतःचे नाव 'थांबत आहे…' असे बदलून निष्क्रिय व्हावे, आणि अवेटचे काम स्विंग-वर्करसारख्या पार्श्वभूमीच्या थ्रेडकडे द्यावे. 'कामात' शून्य झाला की त्या थ्रेडने इन्व्होक-लेटरमार्फत 'काम थांबले आहे, प्रत घेता येईल' असे खिडकीत दाखवावे. 'चालू', 'थांबत आहे' आणि 'थांबले' अशा तीन अवस्था कर्मचाऱ्यांना स्पष्ट दिसू द्या. दोनच दाखवल्या, तर मधल्या काळात कोणीतरी प्रत घेणारच, आणि त्यात त्यांचा काही दोष नसेल. 'थांबत आहे' असताना कोणाचा विचार बदलला, तर पुन्हा चालू करण्याची सोयही ठेवा; त्यासाठी पार्श्वभूमीच्या थ्रेडची अट 'कामात शून्य होईपर्यंत किंवा विराम मागे घेतला जाईपर्यंत' अशी असावी आणि विराम मागे घेताना दोन्ही कंडिशनवर सिग्नल-ऑल करावे.

मधला काळ कमी करायचा असेल, तर आणखी एक सेटिंग पाहा. टेसरॅक्ट ४ पासून एकेका पानासाठी ओपनएमपी या समांतर कामाच्या सोयीमार्फत स्वतःचेही चारपर्यंत थ्रेड चालवते. आपले चार वर्कर आणि प्रत्येकाचे चार, असे सोळा थ्रेड चार कोअरच्या संगणकावर एकमेकांना अडवतात आणि प्रत्येक पानाला लागणारा वेळ वाढतो. ओएमपी-थ्रेड-लिमिट हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल १ करून पाहा.

पडताळणीसाठी विरामाच्या स्थितीत जेस्टॅक हे, प्रत्येक थ्रेड कुठे आहे ते दाखवणारे, साधन चालवावे. चारही वर्करांसमोर 'वेटिंग, पार्किंग' अशी अवस्था दिसली पाहिजे आणि त्यांच्या स्टॅकमध्ये (चालू असलेल्या मेथडच्या यादीत) काम_सुरू ही मेथड दिसली पाहिजे. एखादा वर्कर दुसऱ्याच मेथडमध्ये थांबलेला दिसला, तर तो हातात काहीतरी धरून थांबला आहे असे समजून तिथला कोड तपासावा.

शाईपेन

याप्रमाणे क्लास लिहून घेतला आहे. जेस्टॅकमध्ये तीन वर्कर काम_सुरूमध्ये दिसतात आणि चौथा कनेक्शन पूलच्या मेथडमध्ये अडकलेला दिसतो. पूलची कमाल मर्यादा तीन ठेवलेली आढळली. आता वर्कर किती आहेत त्यावरून ती ठरवतो, आणि एक्सेप्शनच्या वाटेवर कुठे कनेक्शन परत करायचे राहते आहे का, तेही पाहतो.

तळटीप

राहतेच आहे, असे धरून शोधा. विराम पूर्ण झाल्यावर एकही कनेक्शन बाहेर असता कामा नये, त्यामुळे तीनची मर्यादा असली तरी चौथा वर्कर काही वेळाने सुटायला हवा होता. तो अडकून राहिला, याचा अर्थ झोपलेल्या तिघांच्या हातात अजून कनेक्शन आहेत किंवा आधीच्या एखाद्या चुकलेल्या पानाने ती परत केलेली नाहीत. मर्यादा वाढवण्यापूर्वी ट्राय-विथ-रिसोर्सेस (ब्लॉक संपताच कनेक्शन आपोआप बंद करणारी जावाची रचना) वापरून प्रत्येक कनेक्शन बंद होते याची खात्री करा. आधी मर्यादा वाढवली, तर ही गळती काही काळ झाकली जाईल.

शाईपेन

तसेच निघाले. मजकूर रिकामा आला, तर मेथड मधूनच परतत होती आणि त्या वाटेवर कनेक्शन बंद करण्याची ओळ नव्हती. मासिकांतील कोरी पाने त्या वाटेने जात होती. ट्राय-विथ-रिसोर्सेस केल्यावर, मर्यादा तीनच असताना, चारही वर्कर काम_सुरूमध्ये थांबलेले दिसतात.